अब्बांच्या डबीतला चुना

माझा जन्म लातूरचा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढं दुकान अन् मागं घर, मधी नुसती लाकडी फळ्यांची भिंत, तिकडं कुणी खोकललं की इकडं कळायचं. अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांचे अब्बाही तेच, निजामाच्या वक्ताला कुण्या सायबाचं खिशातलं घड्याळ आजोबांनी चालू करून दिलं होतं म्हणं, ते अब्बा दर गिऱ्हाइकाला सांगायचे, ज्याला ऐकायचं न्हाई त्यालाही सांगायचे. घरात आम्ही तिघंच, अब्बा, अम्मी अन् मी नसीम. नसीम तुला भाऊ न्हाई का गं, असं बाया विचारायच्या अन् च्च च्च करायच्या, अन् मला आतून लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू ताई, कारण भाऊ न्हाई म्हणल्यावर ते दुकान माझं, ते बुटकं टेबल माझं, अन् अब्बांचं भिंग माझं, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं.

भिंग म्हणजे डोळ्यात धरायचं ते काळं भिंग, घड्याळवाल्यांचं असतं बगा, हातात धरायचं न्हाई, भुवई खाली दाबून डोळ्यातच अडकवायचं. मी आठ वर्षांची असताना ते लावायचे तर टपकन गालावरून खाली पडायचं. अब्बा म्हणायचे भिंग कुणाचं, ज्याचा हात थांबतो त्याचं. मंग ते मला चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरायला लावायचे अन् म्हणायचे शंभर मोज, स्क्रू हालला न्हाई पाहिजे. माझा हात चाळिसाच्या पुढं थरथरायचा. पन्नासला एकदा गेले होते, ईदच्या आदल्या दिवशी, मला अजून आठवतं. अब्बा हसायचे, म्हणायचे थांबंल, थांबंल हळूहळू. मी रोज भांडे घासताना चमचा धरून शंभर मोजायचे, अम्मी म्हणायची ही पोरगी येडी झाली.

तर असं चालू होतं अन् मंग भूकंप झाला. मी नववीत होते. लातुरात आमच्या घराला नुसती एक भेग पडली, आम्ही सगळे गल्लीत येऊन उभे राहिलो, मला वाटलं झालं, संपलं. सकाळी कळायला लागलं की तिकडं औश्याच्या खाली काय झालं ते. ते मी काय सांगू तुम्हाला, तुम्हाला ठाव हाय. त्यानंतर अडीच-तीन वर्षांनी आमच्याकडं दत्ता आला. माझ्याहून वर्षानं लहान. तिकडच्याच एका गावचा, शेतीवाडीवाल्या घरचा, माळवदाचं घर होतं त्यांचं, त्या माळवदाच्या मातीखाली त्याची आई गेली अन् धाकटी बहीण गेली. बाप राहिला पण तो पत्र्याच्या शेडात बसून राहायचा, बोलायचा न्हाई. चुलत्यानं दत्ताला अकरावीला लातुरात आणून खोली करून दिली, पण ह्याला स्लॅबखाली बसवंना. वर छत आलं की ह्याला घाम फुटायचा. आमच्या दुकानाच्या पायरीवर नुसता पत्रा होता, म्हून हा कॉलेज सुटलं की तिथं येऊन बसायचा. आठ दिवस बसला, नवव्या दिवशी अब्बांनी विचारलं, बेटा नाव काय, चहा पितो का.

तो चहा मी केलता बगा. माझ्या हातानं. तिथंच मी चुकले.

कारण पुढच्या महिन्यात अब्बांनी टेबल बाहेर काढलं. आजोबांच्या वक्तापासून एका जागी असलेलं टेबल, ते उचलून पायरीवर पत्र्याखाली ठेवलं, का तर दत्ता आत येऊ शकत न्हाई. मी आतून बगत होते. मला त्या टेबलाजवळ कधी कुणी बस म्हणलं न्हाई, मीही कधी विचारलं न्हाई, मला वाटायचं विचारायचं काय, ते तर माझंच हाय. अन् ह्याच्यासाठी टेबल चालत बाहेर गेलं. पहिल्याच दिवशी अब्बांनी त्याला चिमट्यात स्क्रू धरायला दिला. मी फळीला कान लावून मोजत होते, अब्बा मोठ्यानं मोजायचे ना. चाळीस झाले, साठ झाले, नव्वद झाले. शंभरला अब्बा म्हणले शाबास रे. मला असं झालं की चुलीवरचा तवा नेऊन त्याच्या डोक्यात घालावा. लोक म्हणतेत त्याची आई गेलती, तुला दया आली न्हाई का. आली होती की. दया आली होती अन् मी जळूनही राहिले होते, दोन्ही एकाच वेळी होतं, तुम्हाला झालं न्हाई का कधी? अन् वरून तो मला आपा म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. अब्बांना चाचा अन् मला नसीमआपा. मी म्हणायचे मी कुणाची आपा नव्हं, तर तो म्हणायचा हाव आपा.

मंग लातुरात ते क्लासचं वारं आलं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात भाड्याची पोरं, परभणीची, बीडची, कुठली कुठली, डॉक्टर व्हायला आलेली. अन् पोरांच्या हातात सेलची घड्याळं. सेल बदलला की झालं, त्याला ना भिंग लागतं ना हात. अब्बांचं काम बसलं. पण दत्ता हुशार, त्यानं कॉलेज सोडून कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं, हैदराबादहून जुने कॉम्प्युटर आणायचे, खोलायचे, जोडायचे. अब्बांच्याच टेबलावर. चाकं जाऊन तिथं हिरव्या पाट्या आल्या, मदरबोर्ड म्हणतेत त्याला. मीही मागं राहिले न्हाई, मी टायपिंग शिकले, मंग कॉम्प्युटरवर पेपर टाईप करायला शिकले. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक फिजिक्सचे सर होते, त्यांचा क्लास लई जोरात, गच्चीवर पत्र्याच्या हवेशीर शेडात त्यांनी आठ जुने कॉम्प्युटर मांडून टेस्टचे निकाल काढायची खोली केलती, लॅब म्हणायचे तिला, ती लॅब दत्ताकडं. अन् नववा कॉम्प्युटर आमच्या घरात, चुलीच्या बाजूच्या खोलीत, मी त्याच्यावर सरांच्या टेस्टचे पेपर टाईप करायचे. गोळे, स्प्रिंगा, उतारावरून घसरणारे ठोकळे, सगळं मी काढायचे. पण तो कॉम्प्युटर इतका मंद, की पान फिरवलं की मी उठून वरणाला फोडणी देऊन यायचे, तरी ते फिरून राहिलेलं असायचं.

आता ऐका. सरांनी एक दिवस दत्ताला म्हणलं, पुढच्या महिन्यात टेस्ट वाढणार, हे डबडे चालत न्हाईत, नवे घेतो. दत्ता म्हणला सर घेऊ नका, हेच पळवून देतो. अन् त्यानं पळवले. कसं ते मला तेव्हा कळलं न्हाई, आता मी दिवसभर तेच करते म्हून सांगते. मदरबोर्डवर एक ठोका चालू असतो, घड्याळासारखाच, अन् प्रोसेसर त्या ठोक्याच्या साडेचार पट पळतो. ठोका सहासष्टचा, म्हून प्रोसेसर तीनशेचा. पण पाटीवर एक बारकी काळी टोपी असते, ती ह्या दोन काड्यांवरून काढून त्या दोन काड्यांवर बसवली की ठोका होतो शंभर, अन् तीनशेचा प्रोसेसर पळतो साडेचारशेनं. कंपनीनं सांगितलेलं नसतं, आपल्या जिम्मेदारीवर पळवायचा. पळाला की तापतो. म्हून त्याच्यावर पंखा लागतो अन् मधी ताप ओढून घ्यायला पांढरी पेस्ट लागते. फळीपलीकडून अब्बांचं हसणं ऐकू यायचं. म्हणायचे दत्ता, जिंदगीभर लोक माझ्याकडं फास्ट घड्याळ घेऊन आले, चाचा स्लो करा म्हणले, अन् तू स्लो आणून फास्ट करून राहिला, अन् लोक तुला शाबासकी द्यायलेत! इतके खुश, इतके खुश, की मला वाटायचं माझ्या लग्नातही इतके हसणार न्हाईत.

मी फळीला कान लावून शिकत होते. पण कानानं शिकलेलं कसं असतं सांगते. एक दिवस दत्ता तिकडून म्हणला, चाचा, जंपर काढला, आता बाजूच्यावर घालतो. माझ्या अंगावर काटाच आला. आमच्यात झंपर म्हणजे बायकांचं पोलकं. मी तरातरा बाहेर गेले अन् म्हणले काय रे दत्ता, लाज न्हाई वाटत, अब्बांसमोर काय बोलून राहिला. मंग दत्तानं चिमट्यात ती काळी टोपी धरून दाखवली, म्हणला आपा, ह्याला जंपर म्हणतेत. अब्बा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसले. बाजूच्या चपलेच्या दुकानवाल्याला बोलावून सांगितलं. महिनाभर गल्लीत मला बगून लोक हसायचे. त्या दिवशी मी शपथ घेतली, आता मेले तरी ह्या पोराला काही विचारायची न्हाई.

अन् त्या शपथेनंच माझं वाटोळं केलं.

कारण पुढं मी काय ऐकायचे, तर अब्बा म्हणायचे दत्ता, चुना जादा झाला. पातळ लाव. नुसता हात फिरव चुन्याचा. अन् दत्ता म्हणायचा चाचा तुमची डबी द्या. ताई, ती पांढरी पेस्ट होती. तिची ट्यूब फुटली म्हून दत्तानं ती अब्बांच्या जुन्या चुन्याच्या डबीत भरून ठेवलती, अन् अब्बांनीच तिचं नाव चुना पाडलं होतं. ते मला कुठं दिसायला? मला ऐकू आला चुना. अब्बा तंबाखू खायचे, चुन्याची डबी कायम बंडीच्या खिशात. माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला, म्हणलं वा रे दत्ता, हे होय तुझं गुपित, पानवाल्याकडचा चुना!

तरी मी शपथ मोडून एकदा विचारलं. म्हणजे विचारलं न्हाई, हुकूम सोडला, की माझाही कॉम्प्युटर फास्ट कर. तो खोलीत डोकावला, आत यायचा न्हाई ना तो, मागच्या दारातूनच बगितलं, वर तापलेला स्लॅब, बाजूला चूल. म्हणला न्हाई आपा, ह्या खोलीत प्रोसेसर टिकणार न्हाई, आधीच तापून राहिलाय, हा तीनशेवरच राहू द्या. मी काय समजले? मी समजले ह्याला माझं चांगलं बघवत न्हाई. स्वतः जळत होते ना, म्हून दुसराही जळतो असंच दिसत होतं. वरून अब्बा म्हणले, दत्ता म्हणतो ते बरोबर हाय. बस. म्हणलं आता बगाच.

दरवर्षी भूकंपाच्या दिवसाला दत्ता गावाकडं जायचा, आई अन् बहिणीच्या नावानं पान ठेवायला. त्या वर्षीही गेला. इकडं येत्या रविवारी सरांची मोठी टेस्ट, पेपर माझ्याकडं. दत्ता एसटीत बसला अन् मी कॉम्प्युटर खोलला. पंखा काढला, त्याच्या खालचा ताप ओढणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा काढला, खाली जुनी पेस्ट सुकून खपली झालती, ती पुसली. टोपी ह्या काड्यांवरून त्या काड्यांवर. हात जरा हालला, पण बसली. मंग अब्बा अंघोळीला गेले तवा बंडीच्या खिशातली डबी काढली अन् चुना लावला. पातळ लाव हे ऐकलं होतं, पण मी म्हणलं थोडा जास्त लावला तर जास्त पळंल. पोळीला तूप लावावं तसा लावला. सगळं बसवलं, चालू केलं, अन् स्क्रीनवर साडेचारशे. साडेचारशे ताई! मी उडीच मारली. पान फिरवलं की फिरलेलं, गोळा काढला की निघालेला. त्या दिवशी मी वीस पानं केली. फळीपलीकडं अब्बा एकटे बसलेले, मला सारखं वाटत होतं बाहेर जाऊन सांगावं, पण मी ठरवलं होतं दत्ता आल्यावरच सांगायचं, त्याचं तोंड बगायचं होतं मला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर अडकायला लागला. आधी तासानं, मंग पाच मिनिटाला. ठोकळा काढून बगितलं तर चुना सुकून भिंतीच्या पोपड्यागत सुटून आला होता. आता चुना सुकला तर आपण काय करतो? अब्बा रोज सकाळी काय करायचे? डबीत थेंबभर पाणी टाकायचे अन् बोटानं कालवायचे. मीही तेच केलं. माठातलं पाणी बोटावर घेतलं, एक थेंब, दुसरा थेंब, कालवलं, वर ठोकळा दाबला. अन् बटन दाबलं. चट्ट असा आवाज झाला, अन् धूर, अन् असला वास, की अम्मी चुलीवरचं सोडून ओरडत आली.

अब्बा आत आले. खोकलत खोकलत त्यांनी बटन बंद केलं. टेबलावर त्यांची डबी उघडी पडलेली, ती उचलली, झाकण लावलं अन् बंडीच्या खिशात ठेवली. मला वाटलं सवयीनं उचलली. मी तोंड उघडलं अन् माझ्या तोंडातून काय निघालं ऐका. मी म्हणले दत्तानं मागच्या आठवड्यात फास्ट करून ठेवला होता, मी नको म्हणत होते. खुदाची कसम, मी आधी ठरवलेलं न्हवतं, पण जिभेवर तयारच होतं. अब्बांनी माझ्याकडं बगितलं. म्हणले असं का. बस, एवढंच. मंग त्यांनी टोपी घातली अन् बाहेर गेले. दुपारच्या वक्ताला दुकान उघडं टाकून अब्बा कधी जायचे न्हाईत, त्या दिवशी गेले. मी म्हणलं सरांना सांगायला गेले असतील.

धुराची बातमी गल्लीच्या तोंडापर्यंत पोचलीच होती, संध्याकाळच्या आधी सर आले, अन् त्यांच्या मागूनच पिशवी घेऊन दत्ता आला. कपाळावरचा गंध पुसटलेला. सर पायरीवरच सुरू झाले, माझे पेपर, रविवारची टेस्ट, तीनशे पोरं बसायचेत. कॉम्प्युटर टेबलावर आणून ठेवलेला. मी आत, फळीला कान लावून. दत्तानं ठोकळा काढलेला कळला. मंग नखानं खरवडल्याचा आवाज आला. फळीच्या फटीतून एक डोळा लावला तर तो बोट नाकाजवळ नेऊन वास घेत होता. चुन्यात तंबाखूची चिमूट होती ना, अब्बांच्या डबीतलीच ती. मी म्हणलं झालं, आता हा बोलणार, अन् माझं पेपरचं कामही जातं अन् टेबलही जातं अन् भिंगही जातं. अन् दत्ता म्हणला, सर माझीच चूक हाय. मी फास्ट केला होता. आपाचा काही संबंध न्हाई. हार्ड डिस्क चांगली हाय, तुमचे पेपर अर्ध्या तासात काढून देतो. त्यानं काढून दिले. अन् सर म्हणले उद्यापासून लॅबमध्ये पाय ठेवू नको.

तुम्हाला वाटंल मी रडले असंल, पळत जाऊन खरं सांगितलं असंल. न्हाई. मी फळीमागं उभी राहून जळत होते. म्हणलं बगा, इथंही हाच मोठा झाला! माझ्या चुकीतूनही ह्यालाच मोठेपणा मिळाला. मला त्याचं चांगुलपणही बघवलं न्हाई, काय सांगू तुम्हाला.

सरांनी हे गल्लीगल्लीत सांगितलं, की ह्या पोराच्या हातात मशीन देऊ नका, जाळतो. क्लासच्या गावात अशी गोष्ट एका दिवसात फिरते. महिन्याभरात दत्ता हैदराबादला गेला. लॅब मला मिळाली. टेबल आत आलं. अन् एका सकाळी अब्बांनी मला टेबलाजवळ बसवलं, खिशातून भिंग काढून माझ्या हातात दिलं, म्हणले बगून काम करत जा. बगून, म्हणले, ऐकून न्हाई. मी भिंग घेतलं पण मनात काय आलं, की तो गेला म्हून मला मिळालं, तो असता तर त्याचंच होतं. उरलेलं जेवण ताटात यावं तसं मला ते भिंग वाटलं. इतकी वर्षं वाटलं.

मंग माझं लग्न झालं, नांदेडला आले. मालक रेल्वेत, ते चांगले हायेत, त्यांचं काही न्हाई. इथंही क्लास आले, लातूरसारखेच, अन् मी क्लासच्याच रस्त्यावर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पोरांचे बाप जुने कॉम्प्युटर घेऊन येतेत, मी पेस्ट लावते, पातळ, नुसता हात फिरवते. माझ्या दुकानात सगळे तिला चुनाच म्हणतेत, कामून म्हणतेत ते कुणाला ठाव न्हाई. दत्ताचं हैदराबादेत लई चांगलं झालं हे कानावर यायचं. घर झालं, गाडी झाली. मी कुणाकडून तरी ऐकायचे अन् त्या दिवशी माझ्या हातचं कालवण खारट व्हायचं.

अब्बा गेले तवा तो आला होता. गाडी करून आला, गल्लीच्या तोंडाला उभा राहिला. मी लेक, एकुलती एक, अन् आम्ही बाया घरात. बाहेर मय्यत उचलली तवा मी त्याच फटीतून बगितलं, पहिल्या खांद्यांमध्ये दत्ता होता. मी अब्बांसाठी रडत होते का दत्तावर जळत होते, माझं मला सांगता येत न्हाई.

अन् आता ह्या उन्हाळ्यात तो माझ्या दुकानात आला. केस पिकलेले, डोळ्याला चष्मा, छताची भीती गेलेली, संगं पोरगी. पोरीला नांदेडच्या क्लासला घातलं होतं. एक जुना कॉम्प्युटर काखेत मारून आणलेला, म्हणला आपा, पोरीला लागतो, सारखा बंद पडतो, बगा जरा. मी खोलला, तो पुढं वाकला अन् म्हणला चुना सुकला असंल. साध्या तोंडानं म्हणला. ताई, माझा हात थांबला. पोरगी मागं मोबाईल बगत होती. मी म्हणले दत्ता, तो कॉम्प्युटर मी जाळला होता. खरा चुना लावला होता, पाणी टाकून. अन् नाव तुझं घेतलं. तो म्हणला, ठाव हाय आपा. चाचांनी सांगितलं होतं.

मी म्हणले कवा?

त्याच दिवशी, म्हणला. मी एसटीतून उतरलो तर चाचा स्टँडवर उभे. उन्हात. किती वेळचे उभे होते कुणास ठाव. खिशातून डबी काढून दाखवली अन् म्हणले बेटा, माझ्या पोरीनं असं केलंय, अन् खोटंही बोलली. आज तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर ती पुन्हा मशीनला हात लावणार न्हाई, मी ओळखतो तिला. तू कुठंही करून खाशील. एवढी एक गोष्ट माझ्यासाठी कर. माझे हात धरले त्यांनी, आपा. मी हाव म्हणलो. पण तिथून गल्लीपर्यंत चालत येताना मी तुमच्यावर इतका जळलो, इतका जळलो, की काय सांगू. त्याच सकाळी मी आईच्या नावानं पान ठेवून निघालो होतो. माझ्या मनात एकच, की माझ्या चुकीसाठी उन्हात कोण उभं राहिलं असतं.

तो तसाच पुढं बोलला. म्हणला, हैदराबादला निघालो तवा मी चाचांना एकच मागितलं, ते भिंग द्या, आठवण म्हून. चाचा म्हणले दुसरं काहीही माग, ते न्हाई. ते नसीमचं हाय, ती आठ वर्षांची असल्यापासून तिचं हाय.

ताई, इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळत होते तो माझ्यावर जळत होता, अन् आम्ही दोघं एकाच माणसासाठी. अब्बा, एकदा तोंडानं म्हणायचं होतं ना. मला फळीमागून ऐकू आलं असतं. मला सगळं ऐकू यायचं की.

मंग त्याची पोरगी पुढं आली. दत्तानं तिला काय शिकवलं होतं कुणास ठाव, ती मला म्हणली, आत्या, हे फास्ट होतं का? मी डोळे पुसले अन् म्हणले होतं, पण तापतं. ये इकडं, आधी बगायला शिक. प्रोसेसरवरची बारकी अक्षरं वाचायला मी तिला अब्बांचं भिंग दिलं, तिनं भुवई दाबली अन् ते बसलं की डोळ्यात, पडलं न्हाई. मंग मला काय सुचलं काय म्हाईत, मी चिमट्यात एक स्क्रू देऊन म्हणले धर, शंभर मोजते. मी मोजत गेले. चाळीस. साठ. नव्वद. पोरीचा हात दगडासारखा. अन् खरं सांगते ताई, तुम्ही हसाल, शंभरला माझ्या पोटात भसकन आग पडली. म्हणलं बापावरच गेली मेली!

आता ती रोज क्लास सुटला की येते, चहा पिते, माझ्याच स्टुलावर बसते. मी रागावते, ती ऐकत न्हाई. खुदा तिला लई मोठी करो, माझ्याहून मोठी, बापाहून मोठी. मी इथं बसून जळत राहीन, मला त्याची सवय हाय. पण भिंग मी तिच्या नावावर लिहून ठेवलंय.